ऑटोस्विच कोणी आधी काढायचा?

मांजरसुंब्याजवळच्या आमच्या शिवारातली डीपी गेल्या रब्बीत दोनदा जळाली. ट्रॅक्टरभाड्याची वर्गणी देताना नाना, म्हणजे माझे चुलते, म्हणाले, "पाप कुणाचं, भरतंय कोण!" त्यांच्याही स्टार्टरला ऑटोस्विच आहे.

इंडक्शन मोटार सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते. लाइट आली की ऑटोस्विच लावलेल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, आणि जुन्या डीपीला ते झेपत नाही. बंद पडलेला सर्व्हर परत सुरू होताच सगळे क्लायंट एकदम धडकतात, तसंच. तिथे आम्ही प्रत्येकाला वेगवेगळा वेळ थांबायला लावतो. शिवारात थांबेल कोण? जो थांबला, त्याच्यापर्यंत दाबच पुरत नाही. आणि रात्री दोनला लाइट आल्यावर साप-विंचवातून बटण दाबायला जायचं, हे मी पुण्यात बसून नानांना कोणत्या तोंडाने सांगू?

राज्याने २०१८ साली उच्चदाब वितरण प्रणाली आणली: एक-दोन शेतकऱ्यांमागे एक छोटी डीपी. गळती कमी, आकडे बंद, जळाली तर आपलीच. इंजिनिअर म्हणून मला हे पटतं. खटकतं एवढंच, की शेजाऱ्यावर विसंबायची वेळच येऊ नये अशी ही रचना आहे, आणि त्याला आम्ही सुधारणा म्हणतो.

नानांनी आता सौरपंपाचा अर्ज भरलाय. पंप बसला की वर्गणीतून नाव काढा, म्हणालेत. मागे राहणाऱ्यांच्या डीपीवरचा लोड तेवढा कमी होईल. वाटा मात्र वाढेल.