मखमलीखालचे हाड

म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधल्या आमच्या घरात, बैठकीच्या दारावर, सांबराची शिंगे टांगलेली होती. शिसवी लाकडाची ढाल, तिच्या मध्यावर लाल मखमल, आणि मखमलीतून वर गेलेली दोन शिंगे, प्रत्येकाला तीन टोके. आजोबा संस्थानाच्या नोकरीत रस्त्यांच्या कामावर होते आणि वर्षातले कित्येक महिने गुंडलुपेटकडे मुक्कामाला असत. शिंगांबद्दल घरात एकच वाक्य ठरलेले होते : “जंगलात पडलेली सापडली.” आजी बेळगावकडची, माळकरी. तिच्या चुलीवर मांस कधी चढले नाही. हे वाक्य तिच्यासाठी पुरेसे होते, पुढे आमच्यासाठीही झाले.

२०२४ च्या सुरुवातीला कर्नाटक सरकारने घराघरांत पडून असलेले वन्यप्राण्यांचे अवशेष परत करायला तीन महिन्यांची मुदत दिली. वाघनखाच्या लॉकेटवरून एका माणसाला अटक झाली होती, त्यानंतरची ही धावपळ. आम्हीही स्टूल लावून शिंगे खाली उतरवली. मखमल इतकी जीर्ण झाली होती की बोट लागताच फाटली. खाली हाड होते. दोन्ही शिंगांना जोडणारा कवटीचा तुकडा, करवतीने कापलेला.

माझी नात आठवीत आहे. तिने विचारले, “आज्जी, पडलेल्या शिंगाला डोकं कसं चिकटलेलं?”

हा प्रश्न जीवशास्त्राचा आहे, आणि त्याचे उत्तर स्पष्ट आहे. चितळ, सांबर, भेकर ही खरी हरणे. त्यांच्या नरांची शिंगे भरीव हाडाची असतात, ती गळतात आणि पुन्हा येतात. काळवीट आणि चौशिंगा आपण हरणांतच धरतो, पण ते कुरंगकुळातले. त्यांची शिंगे पोकळ, गाईबैलांसारखी, जन्मभराची. सांबराचे शिंग वाढते तेव्हा त्यावर लवदार कातडी असते, तिच्यातून रक्त खेळते. वाढ पुरी झाली की ती कातडी वाळते, नर झाडाच्या बुंध्याला घासून ती उतरवतो, आणि खाली कडक हाड उघडे पडते. माजाचा काळ सरला की शिंगाच्या बुडाशी हाड झिजते आणि शिंग आपोआप निखळते. निखळलेल्या शिंगाचे बूड गोलसर, खडबडीत असते. कवटी त्याच्याबरोबर येत नाही. कवटीसकट शिंगे हवी असतील तर आधी जनावर मेलेले असावे लागते. आणि भिंतीवर लावण्याच्या बेताने करवत चालवलेली असली, की मरण कसे आले ते विचारायची गरज उरत नाही.

म्हणजे आजोबांनी सांबर मारले होते, आणि ऐंशी वर्षे आम्ही एक खोटे वाक्य पाठ म्हणत होतो.

नातीने पुढचा प्रश्न विचारला, आणि तो मात्र जीवशास्त्राचा नव्हता. “वाघानं मारलं तर पाप नाही, पणजोबांनी मारलं तर पाप. असं का?”

या प्रश्नाला शिकारी मंडळींचे एक जुने उत्तर आहे : हरणे मारली नाहीत तर ती बेसुमार वाढतात, रान खाऊन टाकतात आणि शेवटी उपाशी मरतात. हे उत्तर खोटे नाही. बेरिंग समुद्रातल्या सेंट मॅथ्यू बेटावर १९४४ साली २९ रेनडियर सोडले. उत्तर अमेरिकेत ज्याला कॅरिबू म्हणतात तेच हे जनावर. त्यात माद्यांनाही शिंगे येतात. बेटावर त्यांना खाणारे कोणी नव्हते. १९६३ पर्यंत कळप सहा हजारांवर गेला, दगडफूल संपले, एक कडक हिवाळा आला आणि १९६६ मध्ये ४२ जनावरे उरली. आपल्याकडे अंदमानात इंग्रजांनी चितळ नेऊन सोडले. तिथेही त्यांना खाणारा वाघ नाही, आणि कोवळी रोपे वाढू न देणारी चितळे ही तिथल्या जंगलापुढची खरीखुरी अडचण आहे. अशा ठिकाणी ‘मारू नका’ म्हणणे म्हणजे मरण फक्त पुढे ढकलणे.

पण बंदीपूर हे बेट नव्हे. तिथे वाघ आहे, बिबळ्या आहे, रानकुत्र्यांचे कळप आहेत. सांबर कमी करण्याचे काम करायला आजोबांची बंदूक कोणी मागितली नव्हती. शिकाऱ्यांचा युक्तिवाद जिथे खरा आहे तिथे तो मान्य करावा; दुसऱ्या गावचा दाखला आणून आपल्या घरची भिंत धुऊन काढता येत नाही.

दुसरे उत्तर आजीच्या बाजूचे : हरीण निरपराध, त्याला मारणे पाप. पण हरीण निरपराध आहे म्हणून वाघ गुन्हेगार ठरत नाही. वाघापुढे दुसरे ताट नाही. निरपराधपणा हा मरण थांबवणारा हक्क असता तर जंगल एक दिवस चालले नसते. आणि आमच्या शाकाहाराच्या ताटातला भात, डाळ, भाजी पिकवणारा गुंडलुपेटचा शेतकरी रात्र रात्र माचाणावर बसून चितळे आणि रानडुकरे हाकतो, ते आम्ही पाहत नाही. हरणावरची आमची माया त्याच्या झोपेवर उभी आहे.

मग फरक कशात? मला महाभारतातली पांडूची गोष्ट आठवते. हरणाच्या रूपात मैथुनात असलेल्या किंदम ऋषीला पांडू बाण मारतो. ऋषी रागावतो तेव्हा पांडू सांगतो, मृगया हा राजाचा धर्म आहे. किंदमाचे उत्तर विचार करण्यासारखे आहे : तू हरीण मारलेस याचा दोष मी देत नाही, ज्या वेळी मारलेस त्याचा देतो. म्हणजे ‘मारावे की नाही’ एवढ्यावर प्रश्न संपत नाही. केव्हा, कशासाठी आणि कोणाच्या किमतीवर, हेही विचारावे लागते.

आणि इथे शिंगे स्वतःच साक्ष देतात. लवदार शिंगाची ढाल कोणी दिवाणखान्यात लावत नाही. शोभेला कडक, चकचकीत शिंगे लागतात. ती नराला माजाच्या काळात असतात. म्हणजे भिंतीवरची बहुतेक शिंगे किंदमाच्याच घडीला मारलेल्या जनावराची. वाघ मांस खातो आणि शिंगे सोडून जातो. साळिंदर ती कुरतडते, त्यातला चुना जंगलातच राहतो. आजोबांनी मांसाचे काय केले कोण जाणे, पण शिंगे मात्र घरी आणली. भुकेपेक्षा वेगळे काहीतरी त्यांना हवे होते.

या शहराला ते वेगळे काहीतरी चांगले ठाऊक आहे. शतकभर चाललेल्या इथल्या व्हॅन इंगेन यांच्या कारखान्यात देशभरच्या राजेरजवाड्यांची आणि साहेबांची जनावरे पेंढा भरून तयार होत. एका अभ्यासकाच्या अंदाजाने वाघ आणि बिबळेच चाळीस हजारांहून अधिक. त्याच काळात, १९३१ साली, महाराजांनी बंदीपूरला नव्वद चौरस किलोमीटरचे अभयारण्य केले. जयचामराजेंद्र वडेयर नामांकित शिकारी होते, आणि १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय वन्यजीव मंडळाचे पहिले अध्यक्षही तेच. बंदूक आणि संरक्षण एकाच हातात होते. तो हात ढोंगी होता असे मी म्हणणार नाही. त्याने राखले म्हणून आज जंगल आहे. पण राखताना हिशेब सारखा झाला नाही. १९७२ च्या कायद्याने सर्वांनाच शिकार बंद केली. राजांची शिंगे भिंतीवर राहिली, आणि नागरहोळे-बंदीपूरच्या जंगलातून जेनु कुरुबांची घरे हलली. मधावर आणि कंदमुळांवर जगणाऱ्या, पोटापुरते सावज धरणाऱ्या माणसांकडून जंगल सुटले; शोभेसाठी मारणाऱ्यांकडून फक्त छंद सुटला.

आजोबांकडे परवाना असणार. कायद्याने त्यांनी काही वावगे केले नसावे. तरीही ते खोटे बोलले, आणि मला वाटते त्या खोट्यातच त्यांचा स्वतःचा निकाल आहे. आजीच्या तोंडावर ‘मारले’ म्हणता येत नाही असे काहीतरी आपण केले, हे त्यांना कळत होते. त्यांना लाज होती, पण शिंगांची हौस तिच्यापेक्षा मोठी होती. म्हणून मधे मखमल आली. आज त्यांना दोषी ठरवणे सोपे आहे, कारण मला बंदुकीचा मोह नाही. मला जमण्यासारखे एवढेच होते की मखमल पुन्हा शिवायची नाही.

वनखात्याला द्यायचा अर्ज मी हाताने लिहिला. शेजारच्यांनी सुचवले होते, ‘जंगलात सापडली’ असेच लिहा, कोण विचारतो. खरे तर पडलेले शिंग उचलून घरी नेणेही कायद्याला चालत नाही. पण सल्ला त्या विचाराने दिलेला नव्हता. तो आमच्या घरचाच जुना सल्ला होता. मी लिहिले : ‘ही शिंगे माझ्या आजोबांनी मारलेल्या सांबराची आहेत. मारल्याचे साल माहीत नाही.’ नातीने ते वाचले आणि विचारले, “पणजीला हे कळलं असतं तर?”

आजीला कळले नव्हते असे मी इतकी वर्षे धरून चालले होते. पण दर दिवाळीला ती ढाल तीच पुसायची, आणि मखमलीवरून हात फिरवताना हाड लागत नाही असे होणार नाही. मी नातीला तेवढेच सांगितले. दारावर आता ढालीच्या आकाराचा चुन्याचा पांढरा डाग आहे. यंदा रंग काढायचा होता. तो भाग तसाच ठेवायला सांगितला आहे.