उडीचा हिशेब

पडू नये म्हणून माणूस गच्चीला कठडा बांधतो, आणि तोच माणूस हौसेने कड्यावरून उडीही घेतो. यातले शहाणपण कोणते आणि वेड कोणते, हा प्रश्न मला अलीकडे छळू लागला आहे. निमित्त माझ्या भाच्याचे. दोन्ही पाय एका रुंद फळीला जखडून बर्फावरून घसरत जाण्याचा स्नोबोर्डिंग हा खेळ तो गुलमर्गला शिकला. आता वाटेत खडक आला की वळसा न घालता तो त्यावरून सरळ खाली झेपावतो. किहीमच्या सपाट पुळणीवर वाढलेल्या पोराला ही उंचीची तहान कुठून लागली, हे आमच्या ताईला उमगत नाही. “जीव एवढा स्वस्त झाला का रे?” एवढेच ती विचारते.

वरकरणी ताईचे म्हणणे बिनतोड आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या रायगडाची हिरकणी घ्या. कोजागिरीच्या रात्री गडाचे दरवाजे मिटले, घरी तान्हे बाळ भुकेले. म्हणून ती गवळण कडा उतरून गेली, असे कथा सांगते. तिच्या धाडसामागे बाळ होते. भाच्याच्या उडीमागे काय आहे? नुसता आनंद!

परंतु आनंद हे कारणच नव्हे, असे म्हणायला मी धजत नाही. १९३० साली सलीम अली याच किहीममध्ये येऊन राहिले. हाती नोकरी नव्हती, आणि ते सुगरण पक्ष्यांची घरटी तासन्‌तास न्याहाळीत बसत. नर अर्धे घरटे विणतो, मादी ते पारखून पसंत करते, मगच तो ते पुरे करतो आणि दुसरे विणायला घेतो, हे त्यांनी टिपून ठेवले. एखाद्या संसारी गृहस्थाने त्यांनाही ‘कशाला?’ असेच विचारले असते. सारेच उपयोगाच्या तराजूत तोलायचे, तर दिवाळीचा आकाशकंदीलही उतरवून ठेवावा लागेल.

तेव्हा उडी का घेतली, यापेक्षा तिचा हिशेब कोणी चुकवायचा, हा खरा प्रश्न आहे. १० मीटर उंचीवरून सुटलेला देह खाली पोचतो तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे ५० किलोमीटर असतो. खाली तीव्र उतार आणि खोल, भुसभुशीत बर्फ असेल, तर तो वेग पुढच्या घसरणीत जिरतो. सपाट, कठीण जागा असेल, तर हाडांत. म्हणून जाणता खेळाडू आधी खालून कडा निरखतो, बर्फ चाचपतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण तो अक्षरशः पाळतो. मन साशंक झाले तर माघारी वळतो. ही माघार मला उडीहून मोठी वाटते. कारण फसलेल्या उडीचे मोल उडी घेणारा एकटा देत नाही. त्याला शोधायला बर्फात उतरणाऱ्यांचीही घरी कोणी वाट पाहत असते, आणि अंथरुणाला खिळलेल्या तरुणाची उशी बहुधा आईच बदलते.

जीव ज्याचा त्याचा खरा, पण तो बेवारशी नसतो. आपला आनंद आपल्याच पुंजीतून खर्चावा, दुसऱ्याच्या काळजावर उधारी करू नये, एवढेच तरुणांना सांगावेसे वाटते.

आणि वडीलधाऱ्यांना? सुगरणीचे घरटे अनेकदा विहिरीवर लोंबत असते, आणि त्याचे दार खालच्या बाजूला उघडते. पंख फुटलेल्या पिलाला पायांखाली काहीही नसताना बाहेर झेपावे लागते. घरटे घट्ट विणावे, हे खरेच. पण दार विणून बंद करायचे नसते.