दीड लाख शब्दांची आठवण

एका छोट्या शिष्यवृत्ती न्यासाचा मेल सर्व्हर मी फावल्या वेळात सांभाळतो. मागच्या वर्षी मे महिन्यात तो धापा टाकू लागला. पाहिलं तर स्पॅमअसॅसिनचा डेटाबेस अवाच्या सवा फुगलेला. आपोआप होणारी छाटणी मीच कधीतरी बंद करून ठेवली होती. ती हाताने करून टाकली, सर्व्हर पळू लागला, मी चहा प्यायला गेलो.

ही छाटणी काय करते? गाळणी शब्दाशब्दाचा हिशेब ठेवते, कचऱ्यात किती वेळा आला, चांगल्या पत्रांत किती वेळा. पॉल ग्रॅहम यांच्या २००२ सालच्या निबंधाने ही रीत सर्वदूर नेली. मूळ मर्यादा दीड लाख शब्दांची. ती ओलांडली की बरेच दिवस न दिसलेले शब्द पुसले जातात. वाईट म्हणून नव्हे, नुसते दिसले नाहीत म्हणून.

मला हे न्याय्य वाटायचं. जुनं विसरावं, त्यात काय चुकलं? पण रोज दारात येतो कोण? लॉटरीवाला आणि कर्जवाला. 'अर्जंट', 'अकाउंट नंबर', 'रुपये' हे त्यांचे शब्द कायम ताजे. आमचे अर्जदार मात्र वर्षातून एकदा, जूनमध्ये लिहितात. त्यांची गावं, वसतिगृहं, विषय हे सगळं छाटणीत आधी गेलं. त्यांच्या बाजूचे साक्षीदार पुसले गेले, विरुद्ध बाजूचे रोज हजर.

जूनमध्ये एका मुलीचा फोन आला. "सर, माझा अर्ज पोचला का?" मी इनबॉक्स पाहिला. "नाही गं बाळ, काही आलेलं नाही."

अर्ज स्पॅममध्ये होता. सापडला तेव्हा रक्कम वाटून झाली होती.

मी खोटं बोललो का? ठाऊक नव्हतं, असं म्हणता येईल. पण न ठाऊक असण्याची सोय मीच केली होती ना? त्यातून डेटाबेसमध्ये शब्द शब्दरूपात नसतात, त्यांचे सांकेतिक तुकडे असतात. काय विसरलं गेलं ते फाइल उघडूनही वाचता येत नाही. गंमत म्हणजे शेजारच्या फाइलीत कुठली पत्रं शिकून झाली त्याची यादी असते आणि ती कधीच छाटली जात नाही. पत्रातलं विसरलं जातं, निकाल दिल्याची नोंद राहते. माणसांबद्दल माझंही बरंचसं असंच आहे.

मी तिला फोन केला, चूक सांगितली. ती म्हणाली, "मला वाटलं, मार्क कमी पडले असतील." यावर मला काही बोलता आलं नाही.

आता मर्यादा दुप्पट केली आहे. शिवाय जूनभर स्पॅमचं फोल्डर रोज रात्री डोळ्यांनी चाळतो. काल दोनशेच्या वर मेल होते. सगळा कचरा.