चालू झालं म्हणजे कळलं का?

बंद पडलेला कॉम्प्युटर चालू झाला, की मालकाचा जीव भांड्यात पडतो. बिल होतं, कॅबिनेट स्कूटरवर पायांजवळ ठेवून तो निघून जातो. मशीन सुरू झालं हे खरं; पण ते का बिघडलं होतं, हे आम्हा दोघांपैकी कुणाला कळलेलं असतं का? सांगलीत दुरुस्तीचं दुकान टाकण्याआधी मी संस्कृत घेऊन बी.ए. केलं. आपल्याला झालेलं ज्ञान खरं आहे, हे ओळखायचं कशावरून, हा प्रश्न मला तिथे तर्कसंग्रह ह्या न्यायशास्त्राच्या प्रवेशग्रंथाच्या तासाला भेटला. आता तो रोज दुकानाच्या टेबलावर असतो.

वात्स्यायनांनी न्यायभाष्याच्या आरंभीच त्याचं एक उत्तर दिलं आहे. ज्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती सफळ होते, ते ज्ञान खरं. तहानलेल्याला लांबवर पाणी दिसलं, तो तिथवर गेला, प्यायला आणि तहान भागली. म्हणजे दिसलं ते पाणीच होतं. आमच्या धंद्यात सगळे ह्याच कसोटीवर चालतात. रॅम काढली, तिची सोनेरी कड खोडरबराने पुसली, परत बसवली आणि डिस्प्ले आला: म्हणजे रॅमवर कार्बन धरला होता. विंडोज फॉरमॅट मारलं आणि हँग होणं थांबलं: म्हणजे व्हायरस होता. पण रॅम काढण्यासाठी पॉवर केबलही काढलेली असते, बोर्डावर साठलेली वीज उतरलेली असते. फॉरमॅट मारताना ड्रायव्हरही नवे पडतात. एका कृतीत दहा गोष्टी बदलतात आणि श्रेय मात्र आपल्या मनात आधीपासून असलेल्या एकीलाच मिळतं.

विश्रामबागेतला एक इंजिनिअरिंगचा मुलगा त्याचा गेमिंग पीसी घेऊन आला होता. संध्याकाळी गेम सुरू केला, की थोड्या वेळाने मशीन खाडकन बंद पडायचं. मित्रांनी सांगितलेलं सगळं त्याने एकाच रविवारी केलं होतं: ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला, प्रोसेसरवर नवी थर्मल पेस्ट लावली, रॅमच्या दोन पट्ट्यांची अदलाबदल केली. "ताई, रॅमची जागा बदलली आणि आठ दिवस मस्त चाललं बघा. मग परत सुरू झालं. रॅमच गेलीय." विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर 41' अशी नोंद दिसत होती, तिचाही त्याने पुरावा म्हणून हवाला दिला. ती नोंद एवढंच सांगते, की मशीन नीट शट डाउन न होता बंद पडलं. का पडलं, ह्याबद्दल ती बहुतेक वेळा काहीच बोलत नाही.

माझ्या दुकानात ते मशीन रात्रभर पूर्ण भाराखाली चाललं आणि एकदाही बंद पडलं नाही. म्हणून मी त्याच्या घरी गेले. टेबलाखाली 600 व्हीएचा यूपीएस होता. असा घरगुती यूपीएस साधारण 360 वॅटचा भार पेलतो. मुलाचं मशीन आणि मॉनिटर मिळून गेममध्ये त्याच्या वर जात होते. संध्याकाळी लाइनचं व्होल्टेज उतरलं, की यूपीएस बॅटरीवर जायचा आणि तेवढा भार न पेलवून मान टाकायचा. घरातले दिवे चालूच असायचे, म्हणून कुणाला शंका यायची नाही. मग ते चांगले आठ दिवस कुठून आले? त्या रविवारी धूळ झाडायला त्याने कॅबिनेट हॉलमध्ये नेलं होतं आणि तिथल्याच प्लगला सरळ जोडून वापरलं होतं. त्याच्या कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस, 100 ते 240 व्होल्टपर्यंत चालणारा, त्यामुळे उतरलेलं व्होल्टेज त्याने निभावून नेलं. आठ दिवसांनी मशीन टेबलावर परतलं, यूपीएसला लागलं आणि बिघाडही परतला.

भाषापरिच्छेद नावाच्या पाठ्यग्रंथात ह्या चुकीला नेमकी जागा दिलेली आहे. घडा तयार होण्याआधी काय काय हजर असतं? माती, चाक, ते फिरवायचा दंड, कुंभार. त्याशिवाय दंडाचा रंग असतो, कुंभाराचा बाप झालेला असतो, आणि माती वाहून आणणारं गाढवही असतं. ही शेवटची मंडळी कार्याच्या आधी हजर असली, तरी नैयायिक त्यांना कारण म्हणत नाहीत. त्यांना ते अन्यथासिद्ध म्हणतात. गाढव नसतं, तरी माती दुसऱ्या कुणी आणली असती आणि घडा झालाच असता. मुलाच्या हकिकतीत रॅमची अदलाबदल हे असं गाढव होतं. आणि खरं कारण त्याच्या यादीत नव्हतंच, कारण हॉलमधल्या प्लगला जोडणं हा काही 'बदल' आहे, असं त्याला वाटलंच नव्हतं.

गाढव ओळखायचं कसं? अन्वयाने आणि व्यतिरेकाने. कारण असताना कार्य होतं आणि कारण नसताना होत नाही, अशा दोन्ही बाजू पाहायच्या, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मुलाचा डेटा आधी कॉपी करून घेतला. मग रॅमच्या पट्ट्या पुन्हा जुन्या जागी बसवल्या. सरळ प्लगवर गेम व्यवस्थित चालला. मशीन यूपीएसवर घेतलं, नुसता ब्राउझर उघडा ठेवून भिंतीवरचं बटण बंद केलं, चालत राहिलं. गेम लावून बटण बंद केलं, तत्क्षणी अंधार. मोठा यूपीएस लावून तेच केलं. गेम चालूच राहिला. तेवढ्यात त्याच्या आई चहा घेऊन आल्या. "अहो ताई, चांगलं चाललंय ना आता? मग मुद्दाम बंद कशाला पाडताय?"

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला मनापासून द्यावंसं वाटतं, कारण माझ्या दृष्टीने ह्या धंद्याचा धर्म तिथेच आहे. बरं झालेलं मशीन जाणूनबुजून पुन्हा आजारी पाडून बघितल्याशिवाय 'मला कारण कळलं' असं म्हणण्याचा अधिकार मिळत नाही. दुरुस्ती हे फळ आहे, ज्ञान नव्हे. चुकीच्या कारणानेही फळ हाती लागतं आणि मग ते चुकीचं कारण कॉलेजभर पसरतं. पुढचा मुलगा चांगली रॅम टाकून नवी विकत घेतो, त्याच्या वडिलांचे पैसे जातात.

प्रत्येक बिघाड मात्र असा पुन्हा पाडून बघता येत नाही. 18 मे 2003 रोजी बेल्जियममधल्या निवडणुकीत स्खारबेक इथे इलेक्ट्रॉनिक मोजणीत एका उमेदवाराला 4096 मतं जास्त मिळाली. मिळू शकतील त्याहून जास्त मतं दिसल्यामुळे चूक लक्षात आली. 4096 म्हणजे दोनाचा बारावा घात. मेमरीतला नेमका एक बिट शून्याचा एक झाला, की एवढाच फरक पडतो. फेरमोजणीत मतं बरोबर आली. अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे तो बिट उलटला असावा, असं मानलं जातं. सिद्ध कुणालाच करता आलं नाही. त्याआधी 1978 मध्ये इंटेलच्या टिमोथी मे आणि मरे वुड्स ह्यांनी मेमरीतल्या असल्याच चुकांचं एक कारण पकडून दाखवलं होतं. चिपच्या आवरणातच युरेनियम-थोरियमचे अंश होते आणि त्यांतून निघणारे अल्फा कण बिट उलटवत होते.

कणादांनी वैशेषिक सूत्रांत चुंबकाकडे सुई ओढली जाण्याचं कारण 'अदृष्ट' म्हणून सांगितलं. आज त्याच चुंबकत्वावर आपल्या हार्ड डिस्क फोटो आणि हिशेब जपून ठेवतात. अदृष्टात टाकलेली गोष्ट कायमची तिथेच राहते असं नाही. फक्त 'नशीब' म्हणून ते खातं बंद करू नये. स्खारबेकचं खातं मी उघडं ठेवते. कारण हाती लागलं नाही, एवढ्यावरून कारण नव्हतं असं होत नाही.

पण कारण असतंच, हे तरी मला कुठून कळलं? चार्वाकांनी हीच शंका काढली: आजवर धूर तिथे अग्नी दिसला, उद्याही दिसेल कशावरून? उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत तिला मर्यादा घातली. शंका घेणारा स्वतः भूक लागली की अन्नाकडेच वळतो. जिथे शंका आपल्याच वागण्याला खोटं पाडते, तिथे ती थांबते. मी कॅबिनेटचे स्क्रू सोडवते, तेव्हा आत कारण आहे हे गृहीत धरूनच. कुठल्याही एका चाचणीने हे गृहीत सिद्ध झालेलं नाही, उलट माझ्या सगळ्या चाचण्या त्यावर उभ्या आहेत. ह्याला मी श्रद्धा म्हणते आणि ते म्हणताना मला संकोच वाटत नाही.

दसऱ्याला मी मल्टिमीटर, स्क्रूड्रायव्हर, सोल्डरिंग गन मांडून पूजा करते, झेंडूची फुलं वाहते. एका मुलाने विचारलं होतं, पूजा केल्याने बिघाड कमी होतात का? नाही. पूजेला मी कारणांच्या यादीत बसवतच नाही. बसवली, तर एखाद्या वर्षी ती चुकवून परिणाम पाहावा लागेल. ती कृतज्ञता आहे आणि कृतज्ञतेची परीक्षा घ्यायची नसते. कारणाची मात्र घ्यावीच लागते.

म्हणून माझ्या बिलावर दोन वेगळ्या ओळी असतात: काय केलं आणि कारण काय. पहिली ओळ नेहमी भरलेली असते. दुसरीत जेव्हा पडताळा झालेला नसतो, तेव्हा मी 'कारण सिद्ध झालेलं नाही' असं लिहून सही करते. मशीन चालू करून मिळावं हा जसा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, तसाच आपल्याला नेमकं किती कळलं आहे, हे खरं सांगितलं जावं हाही आहे.