उपहास, आज्ञा आणि नावांची यादी

उपहासकाच्या हाती सत्ता यावी काय, हा प्रश्न मराठीत अमूर्तपणे विचारण्याचे कारण नाही. ऑगस्ट १९६० मध्ये बाळ ठाकरे यांनी बंधू श्रीकांत यांच्यासह 'मार्मिक' हे व्यंगचित्र-साप्ताहिक काढले. 'फ्री प्रेस जर्नल'मधील नोकरी सोडलेला, डेव्हिड लो या ब्रिटिश व्यंगचित्रकाराला मानणारा हा रेषेचा माणूस. प्रकाशनसमारंभ मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झाला. ज्याची थट्टा करायची तोच पाहुणा, ही उपहासकाची जुनी आणि तशी निर्धोक जागा.

पुढे 'मार्मिक'ने मुंबईतील कंपन्यांमधल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या. मराठी तरुणांच्या बेकारीची व्यथा खरी होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न रूपाचा आहे. आणि येथे रूपाचा प्रश्न हाच नैतिक प्रश्न ठरतो. व्यंगचित्रकार एखाद्याचे नाक लांबवतो, तेव्हा त्या अतिशयोक्तीखाली त्याची सही असते. ती वाचकाला अमान्य करता येते. यादीत अतिशयोक्ती नाही, भाष्यही नाही. आडनाव हाच आरोप. उद्या हिंजवडीतील एखाद्या संगणक-कंपनीचा हजेरीपट कोणी जसाच्या तसा छापला, तर त्यातील एकही नोंद खोटी असणार नाही. तरीही त्यातल्या माणसांना त्या रात्री झोप लागेल काय?

याद्यांचे शीर्षक आधी 'वाचा आणि थंड बसा' असे होते. सारा उपरोध एवढ्या शब्दांतच काय तो शिल्लक होता: म्हणायचे एक, सुचवायचे त्याच्या उलट. मधले अंतर वाचकाने आपल्या बुद्धीने ओलांडायचे. नंतर शीर्षक 'वाचा आणि उठा' असे झाले. एक क्रियापद बदलले, आणि वाच्यार्थ व अभिप्रेत अर्थ एक झाले. उपरोधाची आज्ञा झाली. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली, ती या शीर्षकाच्या वाटेनेच, असे मला वाटते. (समीक्षकांनी या साप्ताहिकाकडे केवळ राजकीय इतिहासाचे साधन म्हणून पाहिले, ही आपली उणीवच.)

दिल्लीचे 'शंकर्स वीकली' १९७५ साली, आणीबाणीच्या काळात बंद पडले. तेथे सत्ता बाहेर होती. 'मार्मिक'चा संस्थापक-संपादक मात्र २०१२ पर्यंत, मृत्यूपावेतो, पक्षप्रमुख राहिला. त्याचे नाक लांबवणारी रेषा त्याच्याच साप्ताहिकात कोणी ओढायची होती?