चंद्रपूरला जाऊन काय दिलंत?

टाळ्या पुरे. प्रोजेक्टर बंद करा आणि तो बॅनर आधी खाली उतरवा. म्हणे ‘अंधारातून प्रकाशाकडे’! कोणाचा अंधार आणि कोणाचा प्रकाश? चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र 2920 मेगावॅटचं. तिथून साडेसातशे किलोमीटरची उच्चदाब वाहिनी थेट भिवंडीजवळच्या पडघ्याला येते, 1999 पासून. तिकडची जमीन उकरायची, कोळसा जाळायचा, राख त्यांच्या अंगणात आणि वीज आपल्याकडे. आणि तुम्ही निघालात त्यांना प्रकाश दाखवायला! इथे उरणात बोकडविऱ्याला वायूवरचं केंद्र आहे, आपला कोळशाशी काय संबंध, असं म्हणायला कोणी तोंड उघडू नका. साऱ्या राज्याची वीज एकाच जाळ्यातून फिरते, हे मी तुम्हाला शिकवलेलं आहे.

तुमच्या शिबिराचा अहवाल वाचला मी, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. निम्मी पानं फोटोंची. एका फोटोत एक घोंगडी, ती धरायला तुम्ही सहा जण, आणि जिला द्यायची ती आजी कोपऱ्यात अर्धी कापलेली. खाली काय लिहिलंय? ‘लाभार्थी महिला’. नाव विचारायला जीभ झडली होती का?

दुसरा फोटो त्याहून भारी. ‘घुग्घुस परिसरातील निसर्गरम्य टेकड्या’, आणि टेकडीपुढे दोन बोटं दाखवत उभी असलेली आमची रत्नं. अरे, त्या टेकड्या देवाने केलेल्या नाहीत! उघड्या खाणीत कोळशापर्यंत पोचायला वरची माती नि दगड काढतात, ते रचून झालेले ढीग आहेत ते. ज्या काळ्या मातीत कापूस पिकायचा, ती माती त्या ढिगात गेली. पावसाळ्यात तीच ओढ्यानाल्यांतून वर्धेत, इरईत वाहत जाते. भूगोलाची पोरं तुम्ही, आणि खाणीच्या मलब्याला निसर्ग म्हणता.

आता शाळेची भिंत. रंगवलीत, छान रंगवलीत, फुलपाखरंही काढलीत. रंगवायच्या आधी तडे बुजवले, असंही मोठ्या अभिमानाने लिहिलंय. तडे कशाने गेले? खाणीत सुरुंग उडाला की आजूबाजूची घरं हादरतात, ही त्या पट्ट्यातल्या गावांची कायमची तक्रार आहे. तुमच्यातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही. घुग्घुसच्या आमराई वॉर्डात ऑगस्ट 2022 मध्ये एक अख्खं घर बघता बघता जमिनीत गडप झालं, कारण खाली जुनी भूमिगत खाण होती. त्याच मुलखात जाऊन तुम्ही भिंतीतला तडा पाहिलात आणि त्याच्यावर फुलपाखरू काढलंत!

सगळीकडे ‘खाणीतले गरीब मजूर’. कोण गरीब? वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कायम कामगाराला राष्ट्रीय करारानुसार पगार मिळतो, वसाहतीत घर, दवाखाना, भविष्यनिर्वाह निधी मिळतो. इथल्या कंटेनर यार्डात कंत्राटावर राबणाऱ्या तुमच्या बापापेक्षा तो बरा खातो. तिथे गरीब आहे तो ठेकेदाराकडचा माणूस. आणि ज्याची जमीन गेली तो, तेही सगळे सारखे नाहीत. कोल इंडियाच्या धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी आहे. अर्धा एकरवाल्याने काय करायचं? आणि ज्याच्या नावावर गुंठाही नव्हता, जो दुसऱ्याच्या रानात कापूस वेचून जगायचा, त्याला काय मिळालं? रान गेलं तशी त्याची मजुरी गेली, पण सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून कागदावर त्याचं काहीच गेलेलं नाही. घोंगडी घ्यायला रांगेत बहुधा तोच उभा होता.

“बाई, आम्ही मनापासून केलं.” ठाऊक आहे. खाली बस. मनापासून केलं म्हणून चुकीचं उत्तर बरोबर होत नाही. आणि इतक्या लांब जायचं कशाला, आपल्या कातकरी वाड्या काय कमी आहेत, असं जे पालक म्हणतायत, त्यांचंही मी ऐकणार नाही. जरूर जावं. त्याच जिल्ह्यात सोमनाथला बाबा आमट्यांनी श्रमसंस्कार छावणी सुरू केली, पोरं तिथे कुदळ-फावडं हातात घ्यायला जातात. तुम्ही छातीवर राष्ट्रीय सेवा योजनेचं कोणार्कच्या रथाचं चाक लावून गेलात, आणि हाताला फक्त रंग लागला.

खरा राग याचा नाही. तो शेवटून दुसऱ्या पानावर आहे, जिथे हनुमान कोळीवाड्यातल्या आपल्या मुलीने दोन ओळी लिहिल्यात आणि तुमच्या पुढाऱ्याने त्या ‘इतर’ या सदरात ढकलल्यात. गावातल्या एका काकांनी तिला विचारलं, “तुमच्याकडेही बंदरासाठी जमिनी गेल्या ना? मग तुम्हाला काय मिळालं?” आणि तेवढ्यात ग्रुप फोटोसाठी हाक आली.

अरे करंट्यांनो, साऱ्या महाराष्ट्रात या प्रश्नाचं उत्तर द्यायला तुमच्याइतकं लायक कोण होतं? 1970 मध्ये सिडकोसाठी 95 गावांच्या जमिनींवर शिक्के पडले, त्यात तुमची गावं होती. दर जानेवारीत जासईला हुतात्म्यांना हार घालता ना? 16 आणि 17 जानेवारी 1984. जमिनीच्या लढ्यात पाच माणसं पोलिसांच्या गोळीबारात गेली. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटलांनी कुणाकडे घोंगडी मागितली नव्हती. जमिनीला भाव मागितला होता, आणि विकसित झालेल्या जमिनीत वाटा मागितला होता. त्यातून गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले. दोन एकरांमागे एक नोकरी ऐकत आलेल्या त्या काकांना ही गोष्ट सोन्यासारखी होती. आणि त्यातली खोटही त्यांना सांगायला हवी होती. भूखंड हातात पडायला किती वर्षं गेली, किती जणांनी तो मिळायच्या आधीच बिल्डरला विकला, बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठवून जिथे नेला त्या हनुमान कोळीवाड्यातल्या घरांना वाळवीने कसं पोखरलं. त्या मुलीच्या घरात हे रोजच्या जेवणात बोललं जातं! तुमच्याकडे देण्यासारखं हे एवढंच होतं. तेवढंच न देता परत आलात.

हा अहवाल मी विद्यापीठाकडे पाठवणार नाही. नवा लिहायचा. त्याआधी प्रत्येकाने आपल्या आजोबांकडे, नसतील तर आळीतल्या ज्या म्हाताऱ्याने 84 पाहिलंय त्याच्याकडे बसायचं, वही घेऊन, मोबाईल घरी ठेवून. जमीन किती गेली, पैसे किती आले, केव्हा आले, भूखंडाचं काय झालं, नोकरी कोणाला लागली आणि कोणाला नाही. घरातल्या बाईलाही विचारा, तिचा हिशेब वेगळा निघेल. ते सगळं एका पत्रात उतरवायचं आणि त्या काकांना पाठवायचं.

पत्ता नाही? नाव पण नाही विचारलं? वाटलंच होतं. तिथल्या मुख्याध्यापकांचा नंबर आहे तुमच्याकडे, रंगाच्या पावतीवर सही हवी म्हणून बरोबर घेतला होतात. लावा फोन. माझ्यासमोर लावा.