शेजारधर्म आणि करार

दिलेले वचन मोडणे हा दोष आहे, याविषयी फारसे दुमत नसते. परंतु ज्याबद्दल वचन कधी दिलेच नव्हते असे काही मोडले, तर त्याला दोष म्हणावे काय? कायदा या प्रश्नापाशी थांबतो; नीतिविचार बहुधा तेथूनच सुरू होतो. अमेरिकेतील विद्यापीठांच्या क्रीडाजीवनात अलीकडे झालेली उलथापालथ या दृष्टीने विचारात घेण्यासारखी आहे.

तेथील विद्यापीठांचे संघ ‘कॉन्फरन्स’ या नावाच्या मंडळांत खेळतात. एका प्रदेशातील विद्यापीठांनी दरवर्षी आपापसांत सामने खेळावेत, ही त्यामागची मूळ कल्पना. असे एक मंडळ १९१५ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावर स्थापन झाले आणि नाव व घडण बदलत पुढे ‘पॅक-१२’ म्हणून ओळखले जाऊ लागले. २०२२ मध्ये त्यातील लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी ‘बिग टेन’ या मंडळात जाण्याचे जाहीर केले. २०२३ मध्ये आणखी आठ विद्यापीठांनी निरनिराळ्या वाटा धरल्या. २०२४ च्या हंगामात बारांपैकी दोनच उरली: ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. ‘बिग टेन’मध्ये आता अठरा विद्यापीठे आहेत, आणि पॅसिफिककाठचे स्टॅनफर्ड ‘अटलांटिक कोस्ट’ मंडळाचे सदस्य आहे. नावांचा अर्थाशी संबंध उरलेला नाही.

या स्थलांतराचे मुख्य कारण दूरचित्रवाणीचा पैसा हे होय. पूर्वी फुटबॉलचे किती सामने प्रक्षेपित व्हावेत, हे राष्ट्रीय संघटना ठरवीत असे. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी हे नियंत्रण मक्तेदारीविरोधी कायद्याच्या विरुद्ध ठरवले. भिन्नमतपत्र लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे विद्यार्थिदशेत कोलोरॅडो विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटू होते. महाविद्यालयीन खेळाकडे निव्वळ व्यापारी उद्योग म्हणून पाहणे चुकीचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. बहुमताचा निर्णय कायदा म्हणून योग्य असेलही; पण त्यानंतर प्रक्षेपणाचे हक्क विकण्याची मोकळीक मिळाली आणि ज्याला प्रेक्षक अधिक त्याची किंमत अधिक, हा हिशेब विद्यापीठांच्या दारात येऊन बसला.

सोडून जाणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. पॅक-१२ चा प्रक्षेपण-करार २०२४ मध्ये संपत होता. तो संपेपर्यंत ही विद्यापीठे थांबली. त्यांनी कोणाला फसवले नाही. शिवाय बाहेर पडणे हेच मुळात पाप असते, असेही नाही. ‘बिग टेन’चे संस्थापक सदस्य असलेल्या शिकागो विद्यापीठाने १९३९ मध्ये आपला फुटबॉल संघ बंद केला आणि १९४६ मध्ये ते मंडळही सोडले, विद्यापीठाचे खरे काम कोणते, या विचारातून ते पाऊल पडले होते.

मग बिघडले ते काय? यूजीन येथील ऑरेगन विद्यापीठ आणि कॉर्व्हॅलिस येथील ऑरेगन स्टेट यांच्यात सुमारे ६५ किलोमीटरचे अंतर आहे. त्यांचा पहिला सामना १८९४ मध्ये झाला. हंगामाच्या अखेरीस येणारा हा सामना २०२४ मध्ये सप्टेंबरातच, हंगामाच्या आरंभी उरकला गेला. अशी स्पर्धा दोघांपैकी कोणा एकाची मिळकत नसते. दोन शेतांच्या बांधावरचे झाड दोघांचे असते; एकाने आपला अर्धा वाटा विकायला काढला, की हाती येते ते झाड नव्हे, लाकूड. करारात या झाडाची नोंद नसते, कारण ते कोणी लावलेलेच नसते. मराठीत ज्याला शेजारधर्म म्हणतात, तो अशाच नोंद नसलेल्या गोष्टींपुरता असतो.

असे ऋण मान्य करणे अशक्य नाही, याचा एक दाखलाही मिळतो. लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांपैकी एक आणि बर्कलीचे विद्यापीठ ही एकाच नियामक मंडळाच्या अखत्यारीत आहेत. लॉस एंजेलिसने तीन वर्षे दरवर्षी एक कोटी डॉलर बर्कलीला द्यावेत, असे त्या मंडळाने २०२४ मध्ये ठरवले. येथे ऋण ओळखले गेले, कारण दोघांवर एकच वडीलधारे छत्र होते. पण भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यासाठी असे छत्र नसते. तेथे ज्याने त्याने स्वतःच ओळखायचे असते.

मागे राहिलेल्यांची कथा मात्र इतकी सरळ नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये या दोन विद्यापीठांच्या पॅक-१२ ने ‘माउंटन वेस्ट’ या शेजारच्या मंडळातील विद्यापीठांना २०२६ पासून आपल्याकडे येण्याचे निमंत्रण दिले, आणि त्यातील पाच निघाली. जुन्या इतिहासातही असेच एक पान आहे. १९२२ पासून आयडाहो विद्यापीठ पॅसिफिकच्या मंडळात होते. १९५९ मध्ये ते मंडळ मोडून नवे उभे राहिले. वॉशिंग्टन स्टेटला तेथे १९६२ मध्ये प्रवेश मिळाला, आयडाहोला कधीच मिळाला नाही.

ज्याने स्वतः तेच केले, त्याची तक्रार खोटी ठरते काय? चोराच्या घरी चोरी झाली तरी ती चोरीच असते. पण तक्रार खरी असल्याने तक्रारदार निर्दोष होत नाही. अन्याय सोसलेल्याला अन्यायाची ओळख अधिक असेल, ही अपेक्षा सहसा फोल ठरते. सोसणारा बहुधा एवढेच शिकतो, की पुढच्या वेळी आपण आधी निघावे. शेजारधर्म कायम एकत्र राहण्याची अट घालत नाही. निघण्यापूर्वी शेजाऱ्याला विचारात घ्यावे आणि निघाल्यावरही सामायिक ते राखावे, एवढेच तो मागतो. हे मागणे करारापेक्षा हलके दिसते, आणि म्हणूनच ते प्रथम विसरले जाते.

वॉशिंग्टन स्टेट हे पुलमन गावी आहे आणि आयडाहो विद्यापीठ त्याच्या पूर्वेस, राज्याची सीमा ओलांडताच, मॉस्को नावाच्या गावी. दोहोंमधले अंतर सुमारे १३ किलोमीटर. आणि ते आजही तेवढेच आहे.